टपावरची पेटी आणि जपानची साखर

शिंगाळा हा मासा मी जेवढा कापलाय तेवढा रत्नागिरीतल्या एखाद्या खानावळीनेही कापला नसेल. आणि एवढं कापून मला त्यातलं हवं काय असायचं? मोहरीएवढा एक कण. बाकीचा अख्खा मासा आईच्या पातेल्यात. माझ्या संशोधनाच्या त्या वर्षांत आमच्या घरी शिंगाळ्याचं कालवण इतकं झालं की शेवटी बाबांनी हात जोडले. "बाई गं, एखादा दिवस तुझा शोध बांगड्यात लाव," असं जेवताना म्हणायचे.

बांगड्यात लागत नव्हता, त्याला मी काय करू? आपल्या पोटात स्वादुपिंड असतं आणि त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बारीक बारीक बेटं विखुरलेली असतात. माणसाच्या किंवा उंदराच्या स्वादुपिंडातून ती वेगळी काढायची म्हणजे नाकी नऊ येतात. काही माशांत मात्र निसर्गानेच आमचं काम करून ठेवलंय. ती बेटं एकत्र येऊन त्यांचा वेगळा कण झालेला असतो, नुसत्या डोळ्याला दिसतो, चिमट्याने उचलता येतो. शिवाय शिंगाळा चिवट. जाळ्यातून काढला तरी बराच वेळ कल्ले हलवत पडून राहतो, त्यामुळे कण जिवंत हाती लागतो. बांगडा बिचारा होडीतच मान टाकतो.

जेटीवरच्या मावशीला हे कोण सांगणार? मी कॉलेजात शिकवते हे तिला माहीत होतं, पण रोज पहाटे जाऊन "हलणाराच दे, जिवंतच दे" म्हणणारं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. "जिता कशाला पायजे गो? त्याच्याशी लगीन लावतंस काय?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची आणि आजूबाजूच्या बायका खिदळायच्या. मी पण काही कमी नव्हते. मी म्हणायचे, "लावते, तू करवली हो." मग ती हसत हसत सगळ्यात मोठा, सगळ्यात रागावलेला शिंगाळा माझ्या बादलीत टाकायची. त्याचे काटे लागून माझा हात किती वेळा सुजलाय!

हे सगळं कशासाठी, तर माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

ती आमच्या घरातलं शेंडेफळ. मी कॉलेजात नोकरीला लागले तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती, इतकं आमच्यात अंतर. आमच्याकडे रेल्वे सुरू झाली त्या वर्षी सगळं घर गाडी बघायला स्टेशनवर गेलं होतं, आणि ही बया गाडी सोडून पाण्याच्या नळाशी. तहान, तहान आणि तहान. अंगावरचे फ्रॉक सैल व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हिचं शरीर इन्सुलिन तयारच करत नाही, आता रोज बाहेरून द्यावं लागेल, जन्मभर. आईने डॉक्टरांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बहीण मात्र डॉक्टरांच्या टेबलावरची काचेची गोळी फिरवून बघत होती.

इंजेक्शनं आम्ही शिकलो. वीज गेली की इन्सुलिनची बाटली माठात सोडायला शिकलो. ते सगळं अंगवळणी पडलं. खरं संकट नंतर आलं. काही वर्षांनी तिची साखर अचानक उतरायला लागली, आणि उतरतेय हे तिचं तिलाच कळेना. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. बोलता बोलता कोसळायची. एकदा शाळेच्या प्रार्थनेत, एकदा एस्टीच्या थांब्यावर, एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत. तोंडात साखर घालायला दर वेळी कोणीतरी जवळ होतं म्हणून निभावलं. दर वेळी असेलच असं कोण सांगणार? तेव्हापासून आईने तिला एकटीला परसात सुद्धा जाऊ दिलं नाही.

दहावीचा निकाल लागला, चांगले गुण पडले, घरात पेढे आले. ते तिने सगळ्यांना वाटले. मी विचारलं, "बारावीनंतर काय करायचंय गं?" ती पेढ्यांचा रिकामा बॉक्स घडी घालत म्हणाली, "तोपर्यंत असले तर बघू."

कोणी वेळ विचारावी आणि सांगावी, इतक्या सहज म्हणाली हो! रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. पण तो शांतपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तापट आहे हे आमच्या वाडीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. त्या दिवशी मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. पण ओरडून काय होणार? तिने हिशेब मांडला होता आणि तिच्या हिशेबात ती पुढे नव्हतीच. ते वाक्य मला तिच्या तोंडातून काढून टाकायचं होतं. माझी पीएचडी त्यासाठी होती, बाकी सगळी नाटकं.

माझ्या मार्गदर्शक बाई पुण्याच्या. हुशार, करारी, आणि कौतुक करायचं म्हणजे पदरचं काही जातंय असा चेहरा करणाऱ्या. त्यांनी मला समजावलं होतं की परदेशात काही रुग्णांना मृत व्यक्तीच्या स्वादुपिंडातली ती बेटं टोचून बघितली आहेत, आणि त्यांचं असं अचानक कोसळणं थांबलंय. जिवंत पेशी साखर वाढली की इन्सुलिन सोडतात आणि पुरे झालं की आपण होऊन थांबतात. सुईला ती अक्कल नसते. घोडं अडलं होतं ते वाटेत. बेटं एका शरीरातून काढायची आणि दुसऱ्यात घालायची, त्या मधल्या काळात ती ढिगाने मरतात. आधी रक्तावाचून गुदमरतात, आणि पुन्हा प्राणवायू मिळाला की त्या झटक्यानेही मरतात. मिळतात आधीच थोडी, त्यातली अर्धीअधिक फुकट.

"म्हणजे आपल्याला वाटेचा अभ्यास करायचाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही रत्नागिरीत कण काढा, मी इथे उंदरांत घालते. मधे तुमचा घाट आहेच."

त्यांच्याकडचे उंदीर खास होते. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले, त्यामुळे माशाच्या पेशीही त्यांचं शरीर परकी म्हणून मारून टाकत नसे. त्यांना औषधाने डायबेटीस करून ठेवलेला असे.

आणि मग ती साखर. कुठल्याशा परिषदेत बाईंना एक जपानी शास्त्रज्ञ भेटले होते. त्यांनी एक छोटी कुपी दिली. अ‍ॅलोज तिचं नाव. आपल्या ग्लुकोजची नात्यातलीच, पण निसर्गात शोधून सापडणार नाही इतकी दुर्मिळ. पेशी तिला अन्न म्हणून खात नाहीत, पण रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवांना ती सांभाळते असं त्यांना दिसलं होतं. बाईंच्या डोक्यात आलं की आपण कण ज्या द्रवात ठेवतो त्यात ही घालून बघू. एका नळीत साधा द्रव, दुसरीत साखरेचा. बघू कुठले जास्त तगतात ते.

मी घरी कुपी दाखवली. आईने ती उजेडात धरली. "जपानहून एवढीशीच? चहाला तरी पुरेल का?" बहीण पोट धरून हसायला लागली. "ताई, जगात एवढे पदार्थ पडलेत आणि तुला माझ्यासाठी साखरच सापडली! हळदकुंकू लावून पाटावर बसव तिला." मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी पण हसले, कारण ती किती दिवसांनी अशी हसत होती.

पहिल्या खेपेला मी कण बर्फात घालून पुण्याला नेले. दोन्ही नळ्यांतले कण बऱ्यापैकी जिवंत पोचले. फरक? काही नाही. साखरेचे तेवढेच, बिनसाखरेचे तेवढेच. बाई म्हणाल्या, "हं." त्यांच्या त्या "हं"मध्ये माझं वर्ष बुडालं. दुसऱ्या खेपेला कुंभार्ली घाटात गाडी अशी आपटली की थर्मासची काच आत फुटली, नळ्यांचा चुरा. मी कराडला उतरून परतीची गाडी धरली.

तिसरी खेप शेवटची होती. कुपीत चिमूटभर साखर उरली होती. बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "यात काही दिसलं नाही तर साखरेचा नाद सोडू. तुमच्या विषयाचाही मग नव्याने विचार करावा लागेल." म्हणजे शिंगाळा बंद, कण बंद, सगळं बंद. बहिणीला मी काही बोलले नाही, पण तिला कळलं होतं. त्या आठवड्यात तिने मला एकदाही चिडवलं नाही.

मे महिना होता. पहाटे जेटीवर जाऊन मासे आणले, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून कण काढले, दोन नळ्या भरल्या. साखरेच्या नळीला लाल पट्टी. नव्या थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि त्यात नळ्या. घरी आले आणि आंघोळीला गेले, कारण माशाचा वास घेऊन एस्टीत बसले तर लोकांनी मला हातखंब्याला उतरवलं असतं.

इकडे बाबांचं काय चाललंय मला काय कल्पना! आमची थोडी कलमं आहेत. पुण्याला जायचं आणि तेही आंब्याच्या दिवसांत, रिकाम्या हाताने? बाबांना ते सहनच झालं नसतं. बाईंसाठी त्यांनी पेटी भरायला घेतली होती, पाड लागलेला निवडक हापूस, खाली वर भरपूर गवत. थर्मास फुटल्याचं माझ्याइतकंच त्यांच्याही मनाला लागलं होतं. आयुष्यभर त्यांनी आंबा मुंबई-पुण्याला पाठवला, एका फळाला डाग लागू दिला नाही. आमच्याकडे जपून न्यायची कुठलीही वस्तू गवतात जाते. काचेची बरणी असो, देवाची समई असो की आईच्या माहेरचा आरसा असो. मग लेकीचे कण त्या दगाबाज काचेत का?

पेटी एस्टीच्या टपावर चढली. मी खिडकीशी बसले, थर्मास मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरून. शेजारच्या बाईने पिशवी ठेवायला जरा सरका म्हटलं तर मी तिच्या अंगावर गेले. गाडी सुरू झाली. बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालत आले आणि प्रेमाने म्हणाले, "वाटेत चहा घे हो. थर्मासमध्ये भरून दिलाय."

"बाबा! अहो, मग माझे कण?"

"पेटीत! डब्यात बर्फासकट घालून मधोमध ठेवलेत! धक्का म्हणून लागायचा नाही!" असं म्हणून त्यांनी हात हलवला. चेहऱ्यावर काय समाधान होतं सांगू! गाडी वळली.

ज्याला आंब्याची अढी माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. गवतात घातलेला आंबा पिकताना गरम होतो. अढीत हात घातला तर ऊब लागते, ताप आलेल्या पोराच्या अंगात असावी तशी. त्यात स्टीलचा डबा, आणि पेटी कुठे, तर टपावर, मे महिन्याच्या उन्हात, ताडपत्रीखाली. बर्फ संगमेश्वरपर्यंत टिकला तरी खूप.

मी उठून कंडक्टरकडे गेले. "गाडी थांबवा, माझी पेटी उतरवायचीय."

"बाई, आत्ता तर चढवलीत."

"त्यात जिवंत पेशी आहेत!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच जरा मागे सरकले. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "वर ताडपत्री बांधलीय, दोऱ्या आवळल्यात. आता थांबलो तर हे उतारू मला टपावर बांधतील. चिपळूणला बघू, तिथे थांबतेच गाडी."

संगमेश्वरला पुन्हा भांडले. तिथेही नाही म्हणाला. मी जागेवर येऊन बसले. बाबांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आणि रागाच्या भरात तो चहा प्यायले. उत्तम झाला होता, आलं वगैरे घालून. त्याचाच जास्त राग आला.

चिपळूणला हमालाने पेटी खाली घेतली. ड्रायव्हरच्या पान्याने मी खिळे उचकटले. गवतात हात घातला तर ऊब! डबा उघडला. बर्फाचा मागमूस नाही, आंघोळीचं असावं तसं कोमट पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या माझ्या दोन नळ्या. कपाळाला हात लावून मी फलाटावरच बसले. कंडक्टर, हमाल आणि चार उतारू गोल करून उभे. कोणीतरी विचारलं, "काय सांडलं काय?"

समोरच्या फलाटाला रत्नागिरीची गाडी लागली होती. त्यात बसले असते तर दुपारच्या जेवणाला घरी. मेलेले कण पुण्याला नेऊन बाईंचं "हं" ऐकायचं तरी कशाला? मी उठलेसुद्धा. आणि मग डोळ्यांसमोर आलं की घरी गेल्यावर ती दारात असेल, माझं तोंड बघेल आणि काही विचारणार नाही. म्हणेल, जाऊ दे ताई. तिचं ते "जाऊ दे" ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मेले तर मेले! मेलेत हे सूक्ष्मदर्शकाने सांगू दे, चिपळूणच्या फलाटाने नाही.

कोपऱ्यावर रसवंती होती. मी तिथे जाऊन म्हटलं, "बर्फ द्या, रस नको." तो म्हणाला, "औषध आहे काय?" मी म्हटलं, "हो, माझ्या बहिणीचं." त्याने लादी फोडून ओंजळी भरभरून चुरा दिला आणि पैसे घेतले नाहीत. थर्मास विसळला, बर्फ भरला, नळ्या आत. पेटीतले आंबे हमालाला दिले, कंडक्टरला दिले, शेजारच्या बाईला दिले. तिने मग आपण होऊन मला पाय पसरायला जागा करून दिली.

पुण्याला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. बाई प्रयोगशाळेत वाटच बघत होत्या. मी काही सांगितलं नाही. आधी तपासू देत, मग काय तो उजेड. त्यांनी दोन्ही नळ्यांतले थोडे थोडे कण काढले, निळा रंग घातला. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही, इतकी सोपी तपासणी.

बिनपट्टीची नळी आधी बघितली. बाई म्हणाल्या, "काय केलंत हो यांना? सगळे निळे." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मग लाल पट्टीची. बाईंनी काच सरकवली, पुन्हा बघितलं. नवा नमुना घेतला, पुन्हा रंग, पुन्हा बघितलं. मग खुर्चीवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "बसा. तुम्ही बघा."

मी डोळा लावला. स्वच्छ! कुठे कुठे निळा ठिपका, बाकी सगळे कण जसे शिंगाळ्यातून काढले तसे, दुधी, टवटवीत. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. "बाई, हे लाल पट्टीचेच ना?"

"ते मी तुम्हाला विचारायचं. लाल म्हणजे कुठली?"

"साखरेची."

"आणि आता खरं सांगा, वाटेत काय झालं?"

मी सांगितलं. बाबा, गवत, अढी, टप, चहा, रसवंती, सगळं. बाई आधी गंभीरपणे ऐकत होत्या. चहापर्यंत आल्यावर त्यांचा ओठ हलला आणि मग अशा हसत सुटल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अहो, बर्फात नीट आले असते तर दोन्ही पुन्हा सारखेच दिसले असते," त्या म्हणाल्या. "कणांना खरा त्रास झाला तेव्हाच साखरेचं काम दिसलं. मी मुद्दाम असा प्रयोग आखायला हवा होता. तुमच्या वडिलांनी केला!"

पुढचं काम बाईंनी केलं. दोन्ही नळ्यांतले कण वेगवेगळ्या उंदरांत घातले. डायबेटीसच्या उंदराचा पिंजरा कसा असतो सांगते. पाण्याची बाटली सारखी रिकामी आणि खालचा भुसा कायम ओला. मी सुट्टी काढून पुण्यातच राहिले होते. रोज सकाळी आधी पिंजरे बघायचे. काही दिवसांनी एका सकाळी गेले, लाल पट्टीच्या उंदराच्या पिंजऱ्यात हात घातला, आणि भुसा कोरडा! खडखडीत कोरडा! बाटली जवळजवळ भरलेली. शेपटीच्या थेंबाने साखर तपासली. उतरली होती. बिनसाखरेच्या नळीचा उंदीर बिचारा बाटलीला तोंड लावून बसला होता. मी त्या प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले. शिपाई दारात येऊन बघून गेला. नाचू दे म्हणाला असेल, कोकणातली आहे.

पण घरी मी नळ्या पोचल्या एवढंच कळवलं. एका उंदरावर मी तिला आशा लावणार नव्हते. आशा लावून मोडली तर ती कधी उभी राहिली नसती. बाईंनी जपानला पत्र पाठवून आणखी साखर मागवली. मला म्हणाल्या, "अढीची ऊब मोजून आणा, नेमकी. तेवढीच ऊब आपण यंत्रात देऊ." मी बाबांना फोन केला. त्यांनी घरचा तापाचा थर्मामीटर गवतात खोचून मोसम संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ माप घेतलं, आणि जो भेटेल त्याला "पुण्याच्या प्रयोगाचं काम चाललंय" म्हणून सांगितलं. मी त्यांच्यावर भयंकर रागावायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

पावसाळाभर, समुद्र बंद तेव्हा खाडीतले शिंगाळे आणून, मी खेपा घातल्या. आता कण बर्फात नीट न्यायचे, आणि बाई मोजून मापून त्यांना ऊब देऊन छळायच्या. पुन्हा पुन्हा तेच. साधे कण मरायचे, साखरेतले तगायचे. पुन्हा पुन्हा कोरडा भुसा. शेवटी बाईंनी सगळे आकडे पुढ्यात घेतले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "छान आहे." छान आहे! पुण्याच्या बाईकडून! मी जिना उतरून धावत कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमध्ये शिरले.

फोन बहिणीनेच उचलला. मी ओरडूनच सांगितलं, "जमलं! एकदा नाही, दर वेळी! साखरेने कण जगले, उंदीर बरे झाले!"

तिने आधी घरात हाक दिली, "आई, बाबा, या! उंदीर बरे झाले!" पाठोपाठ बाबांचा आवाज आला, "सांगितलं नव्हतं? गवतासारखी सोय नाही!" आणि आईचं रडणं.

बहीण फोनवर आली. "ताई, आता माणसांचं कधी?"

मी तिला खोटं कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "बघ, उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. अजून पुष्कळ व्हायचंय. वर्षं लागतील गं. किती ते मला सुद्धा माहीत नाही."

"लागू देत," ती म्हणाली. "मी आहे ना."

मी रिसीव्हर कानाशी धरून तिथेच उभी राहिले. बूथवाल्याने काचेवर टकटक केलं, म्हणाला, "मॅडम, बाहेर लोक खोळंबलेत." मी म्हटलं, "खोळंबू देत!" आणि तिला म्हटलं, "पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"मी आहे," ती जोरात म्हणाली. "बहिरी झालीस का? आहे मी!"